निवासी वाहनांबाबत

२ मार्च, सोमवार

निवासी शाळेत मुले राहतात. निवासी डॉक्टर मात्र स्वतःच रुग्णालयात राहतो. त्याच्या आत कोणी राहत नाही. निवासी इमारत कुठे राहायला जात नाही, तिच्यात माणसे राहतात. आणि निवासी दाखल्यात तर कोणीच राहत नाही, तो बिचारा कपाटात राहतो. विशेषण एकच असताना राहणारा दर वेळी बदलतो कसा? हे बहुतेकांच्या डोळ्यांखालून गेलेले असते, पण थांबून विचारीत कोणी नाही. मी वर्गात दर वर्षी विचारीत असे आणि मुलांच्या चेहऱ्यांवरचा गोंधळ अक्षरशः चाखत असे. उत्तर सोपे आहे आणि सुंदरही. ‘निवासी’ हा शब्द केवळ एवढेच सांगतो की येथे निवासाशी काही नाते आहे. कोण कोणात राहतो, हे पुढचे नाम आणि संदर्भ ठरवतात. सुजाण वाचक त्यात गोंधळत नाही.

हे सारे आज आठवले, कारण नगर परिषदेचा कारकून सकाळी दारात उभा राहिला. आमच्या गल्लीसारख्या अरुंद गल्ल्यांत गाड्या कोणी कुठे लावायच्या, याविषयी परिषद ठराव आणणार आहे. माणसे जागा अडवण्यासाठी सिमेंट भरलेल्या बादल्या ठेवतात, मोडक्या खुर्च्या मांडतात, एकमेकांच्या आरशांवर थुंकतात. मसुद्याची भाषा मी तपासावी, अशी अध्यक्षांची इच्छा आहे. निवृत्तीनंतर प्रथमच कोणाला माझे काम पडले. खोटे कशाला लिहू, कारकुनाला दोनदा चहा विचारला.

मसुदा मात्र वाचवेना. ‘गल्लीत राहणाऱ्या लोकांच्या गाड्यांसाठी गल्लीच्या एका बाजूला जागा राखून ठेवण्यात येईल.’ राहणाऱ्या, लोकांच्या, गाड्यांसाठी, गल्लीच्या! ओल्या गोधडीसारखे ते वाक्य हातात धरवत नव्हते.

“सर, लोकांना कळेल असं लिहिलंय,” कारकून म्हणाला.

“कळणे निराळे आणि शोभणे निराळे,” मी म्हणालो आणि लिहिले: ‘निवासी वाहनांसाठी गल्लीच्या एका बाजूस जागा राखून ठेवण्यात येईल.’ चार शब्दांची जागा दोन शब्दांनी घेतली. वाक्याने जणू दाढी केली.

या ठरावात माझा स्वार्थही आहे, तोही नोंदवून ठेवतो. धाकट्या भावाची व्हॅन आमच्याच दारापुढे उभी असते आणि तिची नोंदणी आमच्याच पत्त्यावर आहे. ठराव झाला की तिला कोणी हात लावू शकणार नाही.

४ मार्च, बुधवार

धाकट्याविषयी लिहायला हवे. माझा हा भाऊ सभा-समारंभांना माइक आणि भोंगे पुरवतो. गल्ली त्याला माइकवाला म्हणते आणि त्याच्या व्हॅनला खोका. त्याचा संसार मोडला, भाड्याची खोली सुटली, तेव्हा मी त्याला मागची खोली दिली. थोडेच दिवस राहिला आणि अंथरूण उचलून व्हॅनमध्ये गेला. भोंग्यांच्या पेट्यांमध्ये खाट टाकली आहे. कारण विचारले तर म्हणाला, “दादा, तिथं झोप बरी लागते. शांत असतं.” हे मला अजूनही उलगडलेले नाही. आमचे घर तर अत्यंत शांत असते. बोलतो तो मी एकटाच.

सकाळी तो व्हॅनच्या पायरीवर बसून दात घासतो आणि गटारात थुंकतो. निळसर फेस, त्यावर माश्या. गाडीच्या आरशाला बनियन वाळत घातलेले. सख्खा भाऊ असूनही मला खिडकीत उभे राहवत नाही. एकदा म्हणालो, “चूळ भरायला आत येत जा.” तो म्हणाला, “चूळ भरायला तोंड उघडावं लागतं दादा, तुझ्यासमोर उघडलं की तू दुरुस्त करतोस.” मी हसलो. विनोद बरा होता, फक्त ‘तुझ्यासमोर’वर त्याने नको तितका जोर दिला.

ही त्याला रोज डबा देते. खिडकीतून हाक मारते, “भाऊजी, झाकण घट्ट आहे हं!” आणि दोघे काहीतरी बोलून हसतात. काय बोलतात, ते इथवर ऐकू येत नाही.

७ मार्च, शनिवार

शिसारी आली. कोणीतरी व्हॅनच्या टपावर स्वयंपाकघरातला कचरा ओतला. सडक्या साली, अंड्यांची टरफले, आणि त्यातून काचेवरून खाली उतरलेला काळपट ओघळ. धाकटा शिडी लावून धूत होता. समोरचे दातांचे डॉक्टर आपल्या फाटकात उभे राहून बघत होते.

या डॉक्टरांच्या दोन गाड्या चालतात आणि तिसरी चालत नाही. ती झूल पांघरून गल्लीतच उभी आहे. तिच्याखाली मांजरीच्या पिढ्या जन्मल्या.

“सर, तुम्ही सुशिक्षित माणूस,” डॉक्टर मला म्हणाले. “तुमच्या दारात हे शोभतं का? माझे पेशंट येतात. परवा एका बाईंनी विचारलं, इथं काय गाडीत लोक राहतात?”

शिडीवरून धाकटा म्हणाला, “डॉक्टर, त्यांना सांगा, या गल्लीतली खरी रहिवासी गाडी तुमची ती झूलवाली. जागची हलत नाही, पोरंबाळंही तिथंच झाली.”

डॉक्टरांनी हसल्यासारखे केले. बोलताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत पांढरा चिकटा जमतो आणि प्रत्येक शब्दागणिक ताणला जातो. माझे सारे लक्ष तिकडेच होते. मी त्यांना धीर दिला की ठरावात सर्वांची सोय आहे, आणि ‘निवासी वाहने’ ही संज्ञा समजावून सांगितली. निवासी शाळेचे उदाहरणही दिले. त्यांनी फार मन लावून ऐकले. असा श्रोता अलीकडे मिळत नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज परिषदेची सभा झाली. आल्यापासून तीनदा हात धुतले.

सभागृहात ओल्या गालिच्याचा आणि शिळ्या चहाचा वास होता. एक सभासद गाडीच्या किल्लीने कान कोरीत होते आणि किल्ली डोळ्यांजवळ नेऊन तपासत होते. दुसऱ्यांनी बिस्कीट बुडवले, ते पेल्यात पडले, त्यांनी बोटांनी काढले आणि खाल्ले. हे लोक माझे वाक्य मंजूर करणार होते. मागच्या कोपऱ्यात कानांवर हेडफोनच्या गोल टोप्या चढवून धाकटा बसला होता. परिषदेच्या माइकचे काम त्याच्याचकडे असते.

आमचा विषय आला. कारकुनाने ठराव वाचला. खरे सांगतो, आपले वाक्य मोठ्या आवाजात ऐकताना अंगावर काटा आला.

मग डॉक्टर उभे राहिले. नागरिक म्हणून बोलण्याची त्यांनी परवानगी मागितली होती.

“अध्यक्ष महाशय, निवासी शाळा म्हणजे काय? मुलं ज्यात राहतात ती. मग निवासी वाहन म्हणजे काय? माणूस ज्यात राहतो ते! म्हणजे घरातल्या माणसांनी आपल्या गाड्या डोक्यावर घ्यायच्या, आणि त्या खोक्याला आपण जागा राखून द्यायची?”

“पलंगासकट!” कोणीतरी ओरडले. सभागृह हसले.

“उद्या न्हाणीघर मागतील!”

“आत्ता काय करतात? गटारातच तर करतात सगळं!”

अध्यक्षांनी टेबल वाजवले. “भाषा कुणाची आहे ही?”

कारकुनाने बोट दाखवले. “सरांची.”

मी उठलो. माइक माझ्या उंचीला नव्हता. धाकटा धावत आला, स्क्रू पिळून तो खाली घेतला आणि वाकूनच पुटपुटला, “दादा, दोन शब्दांत सांग. ‘रहिवाशांच्या गाड्या’ म्हण आणि बस खाली.”

दोन शब्दांत! शंका अभ्यासाची होती आणि मुद्देसूद मांडली गेली होती. मी विशेषणापासून सुरुवात केली. शाळा, डॉक्टर, इमारत, दाखला. नाम बदलले की राहणारा कसा बदलतो, हे क्रमाने दाखवले. सभागृह खरोखर शांत झाले. किल्लीचे काम करणारे सभासदही थांबले. मी म्हणालो की ‘निवासी वाहन’ या पदाचे दोन अर्थ संभवतात, आणि वक्त्याने दोन्ही प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत.

“म्हणजे डॉक्टर म्हणतात तो अर्थ व्याकरणात बसतो?” अध्यक्षांनी विचारले.

“बसतो. किंबहुना निवासी शाळेच्या साम्याने तोच आधी बसतो. परंतु संदर्भाचा विचार करता—”

“बसतो म्हणतात सर.”

पुढचे ऐकलेच गेले नाही. अध्यक्षांनी धाकट्याला खूण केली की माइक बंद कर. त्याने केला नाही. त्यामुळे मी बोलत होतो आणि माझा आवाज चारी भिंतींवर आपटत होता, पण त्यावर टेबले बडवली जात होती. एक सभासद म्हणाले, “वाक्य चांगलं आहे, फक्त शेपूट बदला.” तेवढ्यात दुरुस्ती झाली. ‘जागा राखून ठेवण्यात येईल’ गेले. आता ठराव असा: ‘निवासी वाहनांना गल्लीत उभे राहण्यास मनाई करण्यात येत आहे.’ आणि निवासी वाहन म्हणजे ज्यात कोणी निवास करतो ते, अशी खाली व्याख्या. हात वर झाले. एका हातात बिस्कीट होते. एक सभासद झोपले होते, त्यांचा हात शेजाऱ्याने वर केला.

बाहेर पडताना डॉक्टरांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. कोमट, ओलसर, कणकेसारखा स्पर्श. “सर, तुमच्यामुळेच झालं.”

परिषदेने माझ्या शब्दाची विटंबना केली.

१३ मार्च, शुक्रवार

ही सकाळपासून भांडी आपटते आहे.

“तिथं ‘बसतो’ म्हणायचं काय अडलं होतं?”

“प्रश्न विचारला होता. खोटे उत्तर देऊ?”

“खोटं कशाला? गप्प बसायचं. जगात गप्प बसणारी माणसंही शिकलेली असतात.”

“आणि तत्त्व?”

“तत्त्व मागच्या खोलीत झोपवा. ती रिकामीच आहे.”

तिला व्याकरणात कधीच रस नव्हता. डबा मात्र आज दोन भाज्यांचा होता.

१६ मार्च, सोमवार

व्हॅनच्या काचेवर नोटीस चिकटवून गेले. चिकटवायला लावलेली खळ इतकी की ती थुंकीसारखी लोंबत होती. धाकट्याने ती बोटाने पुसली आणि बोट भिंतीला पुसले. मी म्हणालो, ठरावाविरुद्ध अर्ज करता येईल. दुसरा अर्थ प्रस्थापित करणारी उदाहरणे मी जमवतो आहे. तो म्हणाला, “कर.” दुसऱ्या गल्लीत गाडी नेऊन लाव, असे ही त्याला म्हणाली. “सगळ्याच गल्ल्यांना लागू आहे, वहिनी. आणि इथं तुमचा डबा गरम मिळतो.”

जाण्याआधी मला म्हणाला, “हॉलमध्ये तुझा आवाज चांगला लागला होता, दादा. जरा खर्ज कमी केला असता तर अजून मागपर्यंत गेला असता.” बरे वाटले.

१८ मार्च, बुधवार

जे घडले ते क्रमाने लिहितो, कारण क्रम सुटला की माझा तोल सुटतो.

दुपारी अर्जाचा मसुदा पूर्ण झाला. मी धाकट्याला आत बोलावले. त्याला घाई होती, पण हिने ताट वाढल्यामुळे बसला. कित्येक दिवसांनी आमच्या टेबलाशी बसला. मी त्याला अर्ज वाचून दाखवू लागलो. समजावण्याजोगे पुष्कळ होते.

मध्येच त्याने मान वर केली. “दादा, बाहेर साखळीचा आवाज येतोय.”

“डॉक्टरांचे फाटक असेल. हा परिच्छेद ऐक, यातच सगळी मेख आहे.”

थोड्या वेळाने तो अर्धवट उठला. “दादा, इंजिन आहे मोठं.”

मी त्याचे मनगट धरले. “वाक्य पूर्ण होऊ दे.”

तो बसला. लहानपणापासून मी मनगट धरले की तो बसतो.

वाक्य पूर्ण झाले तेव्हा गल्लीत व्हॅन नव्हती. जिथे ती उभी असे तिथे तेलाचे डाग, माश्या, आणि फुटलेल्या काचेचा चुरा. क्रेन वळताना मागचे दार उघडून एक भोंगा पडला होता आणि त्यावरून चाक गेले होते. मधला, आवाज काढणारा काळा कागद फाटून आत गेला होता. धाकटा उकिडवा बसून त्यात बोट घालून पाहत होता. हातावरचे अन्न अजून तसेच होते. त्याने ते पँटला पुसले. त्याच्या रिकाम्या जागेवर डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत आपली दुसरी गाडी आणून लावली.

ही दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि आत जाऊन त्याचे ताट पालथे घातले. उष्टे ताट असे ओट्यावर पालथे घालण्याची तिची पद्धत नाही. कडेने आमटीसारखे काहीतरी पाझरत राहिले. मी ते पुसू शकलो नाही.

२२ मार्च, रविवार

काल परिषदेकडून इतिवृत्त आले, भाषा तपासण्यासाठी. त्यात हे वाक्य: ‘सदर निवासी वाहन हटविण्यात आले.’

ऱ्हस्व-दीर्घ निर्दोष. तरीही वाचताच घशाशी आंबट आले. मी ते का आले याचा शोध घेतला, आणि शोध लागला तेव्हा, लाजिरवाणे आहे, पण आनंदच झाला. या वाक्यात हटवणारा नाही! गाडी आहे, हटणे आहे, करणारा कोणीच नाही. वाक्य पुसून घेतलेल्या सुरीसारखे आहे. मग मी ठरवले की त्यात करणारा घालून पाहायचा, आणि आज सकाळीच निघालो.

कारकून घरीच होता. “सर, हटवली ती क्रेनवाल्यानं.”

क्रेनवाला परिषदेच्या आवारात जेवत होता. “मी कुठं? क्रेननं. मी नुसता दांडा ओढतो.” दातांत अडकलेले नखाने काढत होता.

डॉक्टर फाटकात भेटले. “परिषदेनं हटवली, सर. आपण सगळे तिथं होतो की.”

अध्यक्ष फोनवर म्हणाले, “कायद्यानं. आणि कायद्याची भाषा, सर, तुमची.” आणि हसले. त्या हसण्यातला ओलावा फोनमधून कानाला लागल्यासारखा वाटला. मी कान पुसला.

घरी येऊन हिला सांगितले. क्रेनवाल्यानं, क्रेननं, परिषदेनं, कायद्यानं! प्रत्येकाच्या मागे तो ‘ने’. सगळे कसे शेपटीला धरून दुसऱ्याकडे बोट दाखवतात! असा निर्लज्ज कारभार मी पाहिला नाही.

ही तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, “एक राहिला.”

“कोण? मी सगळ्यांना विचारले.”

ती तांदूळ निवडत राहिली. कर्ता न घालता वाक्य सोडण्याची सवय सगळ्या गावाला लागली आहे, आता हिलाही.

२३ मार्च, सोमवार

झोप नाही. पहाटे लक्षात आले. आपल्या भाषेत ‘त्याने हटवली’, ‘तिने हटवली’, पण ‘मी हटवली’. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. शेपूट नाही, आडोसा नाही. तो वाक्यात तसाच उघडा येतो. मुलांना हे किती वेळा सांगितले असेन! नियम म्हणून सांगितले.

जेवण गेले नाही.

२५ मार्च, बुधवार

धाकटा मालधक्क्याच्या मागे आहे, जिथे ट्रक धुतात. दंड भरून व्हॅन सोडवून आणली आहे. काळा चिखल, डिझेलचा तवंग, कुठेतरी मेलेले जनावर. काचेच्या जागी पुठ्ठा. मी चपला हातात घेऊन गेलो. पायाच्या बोटांमधून ती घाण वर येत होती आणि, का कोण जाणे, आज मी ती येऊ दिली.

हिने दिलेला डबा त्याच्यासमोर ठेवला. त्याने थर्मासच्या झाकणात मला चहा दिला. फुटलेल्या भोंग्याला त्याने नवा कागद लावला होता. आम्ही त्याच्या खाटेवर बसलो. खरेच, तिथे शांत होते.

वाक्य मी तयार करून नेले होते. चार शब्दांचे. वाटेत ते मी पुष्कळदा म्हटले होते.

“तुझी गाडी,” मी म्हणालो.

“हं?”

“तुझी गाडी... हटविण्यात आली, त्याचे मला फार वाईट वाटते.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी चूक केली की तो दुरुस्त करत नाही. कधीच करीत नसे.

“चहा निवतोय, दादा,” तो म्हणाला.

मी चहा प्यायलो. वर डिझेलचा रंगीत ठिपका तरंगत होता. तोही प्यायलो. घरी येऊन ओकलो.

आता बरे आहे, म्हणून हे लिहितो. ही वही कोणाच्या हाती लागली, तर त्याने एक सोपा प्रयोग करून पाहावा. साहित्य काही लागत नाही. ‘करण्यात आले’, ‘हटविण्यात आले’, ‘कळविण्यात येते’ असे कोणतेही वाक्य घ्यावे, दारावरचे, कार्यालयातले, किंवा स्वतःच्या तोंडून गेलेले. शेवटचे दोन शब्द काढून त्यांच्या जागी साधे क्रियापद घालावे आणि आरंभी ‘मी’ ठेवावा. व्याकरण बिघडत नाही, वाक्य उलट लहान होते. मग ज्याच्याविषयी ते वाक्य आहे, त्या माणसासमोर बसून, त्याच्याकडे पाहून ते एकदा मोठ्याने म्हणावे. न्हाणीघरात नळ सोडून म्हणू नये. तसे मलाही जमते.